आभाळातले गडगे

विमान आमच्या घरात आलं ते आबांच्या बोलण्यातून. आबा, म्हणजे माझे वडील, मुंबईच्या विमानतळावर कामगारांच्या कॅन्टीनमध्ये आचारी होते. शिमग्याला आणि गणपतीला ते गावी येत आणि आल्या दिवशीच पडवीत मांडी ठोकून विमानांच्या गोष्टी सुरू करत. आई चुलीपुढे तांदळाची भाकरी थापता थापता ऐकत असे आणि मध्येच विचारी, की तुम्ही तिकडे डाळ शिजवायला जाता की विमानं हाकायला. आबा हसत आणि पुढचं अजून वाढवून सांगत. विमान उतरताना कॅन्टीनमधली भांडी आपोआप रांगेत सरकतात, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. मी ते शाळेत छातीठोकपणे सांगितलं आणि वर्षभर हसं करून घेतलं. कुळथाची पिठी, सुका जवळा आणि आबांची विमानं, सुट्टीतलं घर मला असंच आठवतं. आज माझी नात मोबाईलवर बोट ठेवून डोक्यावरून जाणारं विमान कुठून कुठे चाललंय ते सांगते, तेव्हा आबांना हे खेळणं किती आवडलं असतं, असं मनात येतं.

पुढे मी कॉलेजसाठी घाटावर गेले. तिथे छात्रसेनेच्या हवाई शाखेत मला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि मी खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी विमान शिकायला लागले. रत्नागिरीच्या आतल्या अंगाच्या, दिवसाला दोन एसट्या येणाऱ्या वाडीत ही बातमी पोचली तेव्हा कोणी कौतुक केलं, कोणी डोळे मिचकावले. पोरीचं लग्न कोण करणार, हा प्रश्न तर आईला नळावरसुद्धा विचारला गेला. त्याच वर्षी आबा गुडघे धरले म्हणून नोकरी सोडून कायमचे गावी आले, आणि माझ्या विमानाची सगळी वकिली त्यांच्याकडे गेली. चहाच्या टपरीवर, देवळात, एसटीच्या थांब्यावर, जिथे चार माणसं भेटतील तिथे ते माझं विमान काढत. मला त्याचा अभिमान वाटत असे आणि लाजही वाटे. खरं सांगायचं तर लाजच जास्त.

दिवाळीत मी घरी आले तेव्हा आबांनी घरापुढच्या खळ्यात वाडीतली माणसंच बोलावून ठेवली होती. मधोमध गावकर, म्हणजे देवळाचे मानकरी, ज्यांच्याशिवाय आमच्या गावात देवापुढे गाऱ्हाणं, म्हणजे गावाचं मागणं, घातलं जात नाही. आबा म्हणाले, सांग यांना विमानाचे नियम. मी सुरुवातीला वर्गात ऐकलेले शब्द वापरले तेव्हा सगळे नुसतेच माना डोलवायला लागले. मग मला गडगे सुचले. आपल्याकडे जमिनीला जसे कुंपण म्हणून चिऱ्यांचे गडगे घातलेले असतात, तसे आभाळालाही असतात, फक्त दिसत नाहीत, असं मी सांगितलं. मुंबईवरचं आभाळ म्हणजे मोठ्या मालकाची बाग. त्यात शिरायचं तर बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, उभं राहून हाक मारायची, म्हणजे रेडिओवर परवानगी मागायची, आणि मालक म्हणेल त्याच वाटेने जायचं. गावकरांनी विचारलं, की मग आमच्या वाडीच्या वरचं आभाळ कोणाचं? मी म्हटलं, ते कोणाचंच नाही, तिथे परवानगी लागत नाही. पण म्हणूनच तिथे सगळा भार आपल्या डोळ्यांवर. निदान पाच किलोमीटर पुढचं स्वच्छ दिसलं पाहिजे, ढगापासून लांब राहिलं पाहिजे आणि खालची जमीन नजरेआड होता कामा नये. दिसलं नाही, तर मागे फिरायचं. पाच किलोमीटर म्हणजे किती, तर आमच्या घरापासून हायस्कूल. रोज पायी तुडवलेली वाट, त्यामुळे ते अंतर तिथल्या प्रत्येकाच्या पायाला ठाऊक होतं.

सगळ्यांना कळलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मीच ते विसरले. त्या दिवशी गावकरांनी तर मलाच उलट समजावून सांगितलं, की परक्या बागेपेक्षा मोकळ्या रानात जास्त सांभाळून चालावं लागतं, म्हणजे तसंच ना? मी हो म्हटलं, आणि मग जरा ऐटीत येऊन पुढे बोलले, की वरून बघितलं तर सगळ्या वाड्या सारख्याच दिसतात. तीच कौलं, तीच झाडं. आपली वाडी ओळखू येईल असं काही सांगता येत नाही. हे बोलायची काही गरज नव्हती. आबांचा चेहरा एवढासा झाला होता, आणि मला तो दिसला होता.

परवान्यासाठी एकटीने लांबचं उड्डाण करावं लागे. फ्लाइंग क्लबमधून निघायचं, ठरवलेल्या खुणांवरून जायचं आणि परत यायचं. आमचे प्रशिक्षक वायुदलातून निवृत्त झालेले, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. ते शब्द कमी आणि भुवया जास्त वापरत. माझ्यासाठी त्यांनी आंबा घाटावरून रत्नागिरीच्या धावपट्टीपर्यंत जाऊन वळून यायचा मार्ग आखला, आणि तो मार्ग आमच्या सड्यावरून, म्हणजे वाडीलगतच्या कातळी माळावरून, जात होता. मी हरखून घरी दिवस कळवला. सरांनी एकच गोष्ट बजावली. खाली उतरून कोणाला पंख दाखवायचे नाहीत, आणि पाच किलोमीटरची खूण आधीच ठरवून ठेवायची. ती खूण दिसली नाही तर विचार करत बसायचं नाही. मी खूण ठरवली. हायस्कूलच्या पत्र्याच्या छपरावर आले की समोर आमचा सडा दिसला पाहिजे.

चैत्रातली सकाळ होती. दोन माणसांचं ते लहानसं विमान, शेजारची खुर्ची रिकामी, इंजिनाच्या आवाजाने दाराचा पत्रा थरथरत होता. घाटमाथ्यापर्यंत हवा इतकी स्वच्छ होती की मी गुणगुणत होते. आंबा घाटाच्या खिंडीपुढे जमीन एकदम खाली गेली, आणि पुढे कोकण असायला हवं तिथे मला एक पांढुरकी, सपाट साय पसरलेली दिसली. मी आधी धुकं समजले. जवळ गेले तशी ती पिवळट झाली आणि विमानात वास आला. जळक्या पानांचा, शेणाचा, ओल्या गवताचा वास. लहानपणापासून तो वास माझ्या नाकात होता. भाजावळ. पावसाआधी भाताची रोपं जिथे टाकायची त्या वाफ्यांवर तोडलेल्या फांद्यांची कवळं, वाळक्या पानांचा पातेरा आणि शेण पसरून जाळतात, ती. पण भाजावळ प्रत्येक घर आपल्या सवडीने करतं, आज एका वाडीत धूर, उद्या दुसऱ्या. सगळं खोरं एकाच वेळी पेटलेलं मी कधी बघितलं नव्हतं. वारा पडलेला, कवळांवर दव. धूर वर जात नव्हता, नदीच्या खोऱ्यात भरून राहिला होता.

हायस्कूलचा पत्रा मला कसाबसा दिसला. समोर सडा नव्हता. समोर काहीच नव्हतं. मी एक वळसा घेतला, कदाचित दुसऱ्या बाजूने फट असेल म्हणून, पण नव्हती. जरा खाली गेलं तर रस्ता दिसेल, रस्त्यावरून देऊळ सापडेल, आपल्याच गावात आपल्याला कोण अडवणार, असे विचार भराभरा आले. तिथे परवानगी मागायला कोणी नव्हतंच. सरांच्या भुवया आठवल्या आणि मी विमान फिरवलं. परतीच्या वाटेवर मी रडले. सुटल्याचं बरं वाटून नव्हे. सड्यावर माणसं जमली असणार हे मला माहीत होतं, आणि त्यांच्यात आबा पुढे उभे असणार हेही माहीत होतं.

सरांनी ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि परत आलीस ते योग्यच केलंस म्हणाले. पण उड्डाण अपूर्ण धरलं जाईल, पुन्हा करावं लागेल. क्लबचं विमान लगेच दुरुस्तीला जायचं होतं, मग पाऊस लागणार होता, आणि माझी शिष्यवृत्ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचीच होती. तोवर हे एक उड्डाण झालं नाही तर परवाना नाही. मी नियम पाळून परत आले होते. तरीही पेपर कोरा देऊन उठल्यासारखं वाटत होतं.

त्या आठवड्यात मी एसटीने घरी गेले. वाटभर मी वाक्यं जुळवत होते. कोणत्या शहाण्यांनी सगळ्या खोऱ्याला एकदम आग लावली, असं विचारायचं, मग पाच किलोमीटर, मग नियम. आईने गूळपाणी पुढे केलं. आबा पडवीत सुंभ वळत बसले होते, त्यांनी "आलीस?" एवढंच विचारलं. थोड्या वेळाने गावकर आले, मागोमाग आणखी चारजण. गावकर माझ्यासमोर पायरीवर बसले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"बाय," ते म्हणाले, "सगल्या वाड्यांनी एका दिशी भाजावळ केली. तुला आपली वाडी वळकाय यावी म्हनून. देवाला गाऱ्हाना घातला. तुजा आवाज पन आयकला आमी. येवडा धूर केला, तरी तुला आमी दिसलो नाय?"

मी आबांकडे बघितलं. मला लगेच कळलं, ही कल्पना कोणाची. वरून वाड्या सारख्या दिसतात हे मी खळ्यात बोलले होते, आणि आबा तेवढं एकच वाक्य धरून घरोघर फिरले असणार. ते मान वर करत नव्हते. त्यांची बोटं सुंभ वळत होती, पण सुंभ पुढे सरकत नव्हता. आयुष्यभर विमानांचे आवाज ऐकलेल्या माणसाने धुरात उभं राहून माझं विमान जवळ आलेलं आणि लांब गेलेलं ऐकलं होतं. धुरामुळेच मी परत फिरले हे त्यांना कळलं नसेल असं होणंच शक्य नव्हतं. एसटीत जुळवलेली वाक्यं मी सोडून दिली.

"वाट चुकले मी," मी म्हणाले.

गावकर म्हणाले, की व्हायचंच, आभाळात काय पाट्या लावलेल्या असतात? सगळे हसले. वाईट हसले नाहीत, पण ते हसू गावभर झालं. पुढे वर्षभर मी एसटीतून उतरले की कोणीतरी विचारी, की आज वाट गावली ना? आईला नळावर विचारत, पोरीला विमानात बसवलंत पण गाव दाखवायचं राहिलं काय? आबांनी टपरीवर जाणं सोडलं. शिमग्यात पालखी नाचत असताना ते खांबाला टेकून मागे उभे राहिले, आणि कोणी विमानाचं काढलं तर गुडघे चोळत तिथून निघून गेले. मला त्यांची दया यायला हवी होती. मला राग येत होता. त्यांनी एक वाक्य सांगितलं असतं, ती चुकली नाही, मी करायला लावलेल्या धुराने परत गेली, एवढंच, तर माझ्यावरचं हसणं थांबलं असतं. पावसाळाभर मी त्यांच्याशी तुटक वागले. फणसाची भाजी केली की आबा आधी माझ्या पानात वाढत, आणि मी ती खाऊन लगेच पाट सोडत असे.

विमानाची दुरुस्ती लांबत लांबत फाल्गुनापर्यंत गेली. पुन्हा चैत्र, पुन्हा तोच मार्ग. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती, म्हणजे ही शेवटचीच संधी. या वेळी मी दिवस कळवला नाही. आईला पत्रात नुसतं लिहिलं, की येत्या आठवड्यात कधीतरी जाईन, कोणाला सांगू नकोस. त्यातून आभाळ भरून यायला लागलं होतं, अवकाळी पावसाची चिन्हं होती. अशा वेळी सगळे घाईघाईने भाजावळी उरकतात, हे मला माहीत होतं. मी खिंड ओलांडली तेव्हा धूर बघायच्या तयारीनेच ओलांडली, आणि परत फिरल्यावर काय करायचं, कुठे नोकरी शोधायची, हेही मनात ठरवून टाकलं होतं.

धूर नव्हता. हायस्कूलच्या पत्र्यावर आले आणि समोर आमचा सडा होता, काळा, सपाट, त्याच्या टोकाला देवळाची कौलं. त्याच्या पलीकडे नदीची वळणं, त्याच्या पलीकडे चमकणारी समुद्राची कड. आणि खाली, वाडीमागून वाडी, प्रत्येक वाफ्यावर कवळं रचून ठेवलेली, तपकिरी, कोरडी, न पेटवलेली. चैत्राच्या त्या दिवसांत, पाऊस डोक्यावर असताना, सगळ्या खोऱ्यात एकाही घराने काडी ओढली नव्हती. सड्यावर थोडी माणसं होती. इतक्या उंचावरून कोण कोण ते दिसत नव्हतं, आणि खाली जायची मला मुभा नव्हती. मी सरळ पुढे गेले, रत्नागिरीच्या धावपट्टीवरून वळले, आणि त्यांच्यावरूनच परत आले. सगळं दिसत होतं, आणि जे दिसत होतं त्याचा अर्थ परतीच्या वाटेवर हळूहळू डोक्यात शिरला. कोणीतरी त्यांना थांबवलं होतं. थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असणार.

त्याच संध्याकाळी तिकडे पाऊस पडला. घरी पोचले तेव्हा बायका भिजलेली कवळं उलटीपालटी करून उन्हात घालत होत्या, आणि काही वाड्यांना नवीन तोडून आणावी लागणार होती. बाकीचं आईने सांगितलं. माझं पत्र आल्यावर आबा दुखऱ्या गुडघ्यांनी नदीच्या दोन्ही अंगांच्या वाड्या फिरले होते. प्रत्येक खळ्यात उभं राहून सांगितलं होतं, की गेल्या साली माझी पोर वाट चुकली नव्हती, तुम्ही धूर केलात तो माझ्या सांगण्यावरून, आणि त्या धुराने तिला परत जावं लागलं, या साली आठवडाभर काडी ओढू नका. कोणी चहा दिला. कोणी तोंडावर हसलं, की एवढी वर्षं विमानतळावर भाकऱ्या भाजून एवढंही कळलं नाही? आबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पुढच्या घरी गेले. आई हे सांगत होती आणि मी चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत होते. वर्षभर मी ज्या एका वाक्यासाठी त्यांच्यावर रुसले होते, ते त्यांनी घराघरांत जाऊन सांगितलं होतं.

त्या आठवड्यात देवळात नारळ ठेवायचं आबांनी ठरवलं. वाडीतले बरेच जण आले. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं, लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि मग गावकर माझ्याकडे वळले. मी तेव्हा ज्या कोपऱ्यात बसले होते, तो आजही देवळात गेले की टाळते.

"बाय, त्या दिशी तू आमची लाज राखलीस," ते म्हणाले. "धुराचा नाव नाय घेतलंस. वाट चुकले बोललीस आनि वरीसभर हसू सोसलंस. तुज्या बापसान सांगितलान आमाला, पोरीनं तुमच्यासाटी सोसलान."

मी कोणाचीही लाज राखली नव्हती. त्या संध्याकाळी पायरीसमोर उभी असताना माझ्या मनात एकच गोष्ट आली होती, की यांना काय कळणार. पाच किलोमीटर, नियम, हवा, हे सगळं या अडाणी माणसांपुढे कशाला उकलत बसायचं. म्हणून मी तोंडात येईल ते बोलून मोकळी झाले होते. याच माणसांनी माझ्या तोंडून गडग्यांची गोष्ट ऐकून ती मलाच परत समजावली होती, हे मला तेव्हा आठवलंही नव्हतं. आणि आबांचा राग करत मी वर्ष काढलं होतं. आता त्यांनी आपली चूक तर घरोघर नेऊन सांगितली होतीच, वर माझ्या तोऱ्याला त्याग असं नाव देऊन ते सगळ्या गावात वाटून आले होते. त्यांना खरं माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माझा चेहरा त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असे.

मला परवाना मिळाला. मी पुढे फार उडाले नाही, रत्नागिरीत शाळेत भूगोल शिकवला, संसार केला. आबांशी या विषयावर कधी बोलणं झालं नाही. ते गेले त्याआधी एकदा मी सुरुवात केली होती, तर त्यांनी मला पाणी तापवायला पाठवलं.

त्या दिवशी देवळात मात्र मला तिथल्या तिथे खरं सांगता आलं असतं. सगळे ऐकायला बसले होते. मी मान खाली घातली. गावकर बाकीच्यांना म्हणाले, की बघा, येवडी शिकली पन पोर किती गरीब हाय, आणि नारळाचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. तो मी खाल्ला.